शेगडी इतकी जवळ कशाला

एकनाथ सावे यांच्या दहाव्याला कावळा पाऊण तास शिवला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळे झालं.

कावळे नव्हते असं नाही. खाडीकाठच्या सुरूंवर वीस-पंचवीस तरी होते आणि सगळे पिंडाकडेच बघत होते. पण उतरायला कोणी तयार नव्हता. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काहीतरी राहिलं आहे असं धरतात आणि जमलेल्यांनी ते ओळखून मोठ्याने कबूल करायचं असतं. एकनाथरावांचे धाकटे भाऊ विश्राम केळव्याहून आले होते. त्यांनी हात जोडून सांगितलं, "दादा, वाडीतल्या विहिरीची वाट मी यापुढे अडवणार नाही." ही वाट ते अडवतात हे त्यांनी तोवर एकदाही मान्य केलेलं नव्हतं. कावळे हलले नाहीत. मग सोसायटीचे सेक्रेटरी कमलाकांत राऊत पुढे झाले. "एकनाथराव, पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं मी येत्या मीटिंगमध्ये मार्गी लावतो." तरी काही नाही. शेवटी विश्रामकाकांनी हुकमाचं पान काढलं. "दादा, हिराचं लग्न आम्ही जमवू." यावर कावळे एक फांदी मागे सरकले, असं हिराला तरी वाटलं.

हिरा ही एकनाथरावांची एकुलती एक मुलगी. वय चौतीस, पालघरच्या एका शाळेत मराठी शिकवायची. घरात जेवढी पुस्तकं होती ती सगळी तिची. आता ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या चित्रात शेगडी कशाला ठेवली आहे ते मी शोधून काढीन. वर्षाच्या आत."

एक कावळा खाली आला, त्याने भाताला चोच लावली आणि गेला.

हिराने पुष्कळ वाचलेलं होतं. पावणेबारा वाजता कुठल्याही कावळ्याला भूक लागते हे तिला कळत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तो कमलाकांतकाकांनी ऐकला होता. सोसायटीत कमलाकांतकाकांनी ऐकणं म्हणजे फळ्यावर लावणं.

चित्राची हकीकत अशी. एकनाथराव बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चौऱ्याहत्तर साली तिथे नवीन यंत्र बसवायला जपानहून ओकादा नावाचे इंजिनिअर आले आणि तीन महिने केळी आणि उकडलेली अंडी यांवर राहिले. त्यांना लागेल तो स्क्रू एकनाथराव डोळे मिटून काढून देत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच आला नाही. जाताना ओकादांनी पुठ्ठ्याच्या नळीतून एक चित्र दिलं. लाकडी ठशांवरून छापलेलं, जुन्या पिवळसर कागदावर. काळ्या चकचकीत वाटीत उभे केलेले बारीक बांबू, काही उंच, काही आखूड, मिटलेल्या पंखांसारखे. वाटीला एक चोच. पायाशी अर्धवट सोडलेली जरीची पिशवी. शेजारी गोल शेगडी आणि तिच्यात लाल निखारे. कोपऱ्यात उभ्या अक्षरांच्या दोन ओळी. बाकी सगळा कागद मोकळा. हे वाद्य आहे एवढं एकनाथरावांना नक्की माहीत होतं, कारण देताना ओकादांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून डोळे मिटले होते आणि गाल फुगवले होते.

एकनाथरावांनी ते चित्र बाहेरच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर चार टाचण्यांनी लावलं. रोज पाळी संपवून आले की खुर्ची ओढून समोर बसायचे, बशीतला चहा प्यायचे आणि चित्राकडे बघायचे. तेरा वर्षं. दुसरं कुठलं चित्र त्यांनी आयुष्यात इतकं बघितलं नाही. चित्रकलेतलं त्यांना काही कळत होतं असा दावा नाही. पण स्टोअरच्या दहा फुटांत कोणी विडी पेटवली तर मॅनेजरलाही बाहेर काढणारा तो माणूस. त्याला एकच गोष्ट सतावत होती.

"हिरा, वाळलेला बांबू आणि निखारा एका जागी ठेवलाय बघ. चुकून नाही ठेवलेला. चुकून ठेवणाऱ्याने पिशवी अशी नीट दुमडली नसती. शेगडी इतकी जवळ कशाला असेल गं?"

"थंडी असते तिथे, बाबा," हिरा म्हणायची आणि पान उलटायची.

हे उत्तर तिने तेरा वर्षांत किती वेळा दिलं असेल, याचा हिशेब तिला आता करायचा नव्हता. इतकी पुस्तकं घरात आणली, पण एकदा उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली नाही.

तर ती शोधाला लागली. आधी पालघरच्या एका वाचनालयात गेली. तिथे ज्ञानकोशाचे सगळे खंड होते, फक्त 'ज'चा नव्हता. तो एकोणऐंशी साली एका सभासदाने नेला होता आणि त्याची बदली नाशिकला झाली. ग्रंथपालांनी आपुलकीने 'झ'चा खंड पुढे केला. "बघा, जवळपासचं काही सापडतंय का."

इकडे सोसायटीत आपापली मतं तयार होती. समोरच्या हंसाबेन चष्मा लावून चित्रासमोर उभ्या राहिल्या. "हिराबेन, मला तर वाटते ते लोक बांबूमंदी भात शिजवते. मी ऐकलेलं छे. ही वाटी, हा बांबू, ही शेगडी. एमां काय एवढं?"

"वाद्य आहे ते, हंसाबेन."

"भात झाल्यावर वाजवत असेल."

कमलाकांतकाकांच्या मते ते उदबत्तीचं घर होतं. ते पोस्टातून निवृत्त झालेले. कुठलीही वस्तू आली की तिच्यावर पत्ता कुठे आहे हे आधी बघायचे. "त्या दोन ओळी म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि मुक्काम. ते वाचता आलं की काम झालं. पण तू वर्षाच्या आत म्हणालीस, हे ध्यानात ठेव. मी साक्षीला होतो." दर महिन्याला, मासिक श्राद्धाच्या दिवशी, ते जिन्यात गाठून विचारत, "शेगडीचं कुठवर आलं?" सुरात असं काही असे की जणू हिरानेच ती शेगडी पेटवून ठेवली आहे.

हिराची आई मंजुळाबाई यातल्या कशात पडत नव्हत्या. त्या रोज सकाळी कपाट पुसताना चित्राभोवतीची जागा पुसायच्या आणि खुर्ची होती तिथेच ठेवायच्या.

मग कोणीतरी मुंबईतल्या भारत-जपान स्नेहवर्धक मंडळाचा पत्ता दिला. हिराने साधं पत्र लिहिलं: वाद्य कोणतं, आणि शेजारी शेगडी कशासाठी. सहा आठवड्यांनी उत्तराऐवजी तीन प्रतींत भरायचा अर्ज आला. वस्तूची लांबी-रुंदी. वस्तू अर्जदाराच्या मालकीची आहे काय? नसल्यास मालकाचं ना-हरकत पत्र. मालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. वस्तूचा समोरून काढलेला फोटो.

ग्रामपंचायतीतल्या कारकुनाने दाखल्याच्या नकलेसाठी विचारलं, "कारण काय लिहू? विमा, बँक, जमीन की नोकरी?"

"वाद्याचं नाव विचारायचं आहे."

त्याने थोडा वेळ वर बघितलं आणि 'इतर' असं लिहिलं.

संमतिपत्राचा मजकूर कमलाकांतकाकांनी सांगितला: 'माझे दिवंगत पती यांच्या चित्रातील शेगडीविषयी चौकशी करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' मंजुळाबाईंनी तो दोनदा वाचला. "हरकत कशाला असेल मला? ते विचारत होते तेव्हाही नव्हती," असं म्हणून त्यांनी सही केली. हिराने शाई टिपून घेतली. टिपकागद जरा जास्त वेळ दाबून धरला.

फोटोसाठी हिरा चित्र घेऊन बोईसरच्या नामदेवच्या स्टुडिओत गेली. नामदेव हा हात साफ असलेला माणूस. त्याच्याकडे फोटो काढला की नवरदेवाचा चामखीळ जात असे, नवरी दोन छटा उजळत असे आणि मेलेल्या माणसाचे डोळे उघडत असत. त्याने चित्राचा मोठा काळा-पांढरा फोटो काढला. कमलाकांतकाकांनी हिराचा त्रास वाचवायचा म्हणून तो परस्पर स्टुडिओतून उचलला, अर्जाला जोडला, लाखेचे पाच ठिपके देऊन रजिस्टर केला आणि पावती हिराला आणून दिली.

जुलैत उत्तर आलं. वाद्याचं नाव शो. तोंडाने वाजवायचं. सतरा बांबू. तिकडे दरबारात आणि देवळांत वाजतं. ऐकणाऱ्यांना आकाशातून उजेड पडल्यासारखं वाटतं असं म्हणतात. हिराने हे वाक्य दोनदा वाचलं. कोपऱ्यातल्या ओळी जुन्या वळणाच्या, त्यांना लागल्या नव्हत्या. मग शेवटची ओळ: 'शेजारील रिकामे पात्र शोभेचे असावे.'

रिकामं? हिरा तशीच चप्पल घालून स्टुडिओत गेली. नामदेवने दुसरी प्रत काढून दाखवली. शेगडी होती, निखारे नव्हते. काळा, गुळगुळीत, स्वच्छ खळगा.

"बाई, काळ्यावर पांढरे ठिपके आले होते," नामदेव म्हणाला. "जुना कागद, बुरशी असणार. ब्रशने एकेक भरून काढले. दोन तास गेले माझे. वेगळं काही घेतलं नाही त्याचं."

त्याचा चेहरा इतका समाधानी होता की हिराने आभार मानले. रागावण्यासारखं तो काय बोलला होता? तेरा वर्षं एक माणूस ज्या निखाऱ्यांकडे बघत होता ते याने दोन तासांत विझवले, आणि तेही फुकट.

सोसायटीत मात्र आनंद झाला. जिन्याखालच्या फळ्यावर कमलाकांतकाकांच्या टपोऱ्या अक्षरात सूचना लागली: 'कै. एकनाथ सावे यांच्या चित्रातील वाद्य 'शो' असल्याचे निष्पन्न झाले आहे. सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली टाकीच्या झाकणाविषयी काही नव्हतं. हंसाबेननी सुखडी आणून दिली.

"पण शेगडीचं राहिलं, काका," हिरा म्हणाली.

"शोभेची आहे म्हणून लिहिलंय ना त्यांनी? सही-शिक्क्यानिशी लिहिलंय."

"बाबांना नाव नको होतं. त्यांना शेगडी हवी होती."

कमलाकांतकाकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ हिरा. माणूस गेला की त्याच्या प्रश्नांतले निम्मे आपण सोडवायचे आणि निम्मे सोडून द्यायचे. नाही तर आपण जगायचं कधी? फ्रेम कर. काच घाल, सोनेरी पट्टी घाल, वर्षश्राद्धाला हार घाल. एकनाथराव बरे होते, ते काही म्हणणार नाहीत."

काही म्हणणार नाहीत हेच तर दुखणं होतं. पण भाद्रपद उजाडला, महिना उरला, आणि हिराला दुसरं काही सुचेना. दुसरं पत्र लिहायचं तर पुन्हा तीन प्रती, पुन्हा दाखला. एका सकाळी तिने चार टाचण्या काढल्या, चित्राची गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधली आणि शाळा सुटल्यावर पालघरच्या फ्रेमवाल्याकडे टाकायचं म्हणून ती एसटीत बसली. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. कपाटाच्या दारावर एक फिकट चौकोन उरला होता, तिकडे त्यांनी पाठ केली होती.

एसटीच्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, आणि बेटेगाव सोडल्यावर आडवा पाऊस लागला. हिराने गुंडाळी पदराखाली घेतली, मग पर्स पुढे धरली, मग शेजारच्या बाईची पाटी मागून घेतली. पाटी सुक्या बोंबलांची होती. शाळेत पोचली तेव्हा वर्तमानपत्राचा लगदा झाला होता, चित्राची एक कड ओली होती आणि पदराला बाजाराचा वास होता. प्रार्थनेची घंटा होत होती. ती तशीच मागच्या पडवीत धावली, जिथे शिपाई झिपरू शिक्षकांच्या चहासाठी कोळशाची शेगडी पेटवून बसायचा.

झिपरूने काही न विचारता बाक पुसला. चित्र उलगडलं, दोन कडांना धरून शेगडीच्या वर, पण चांगलं हातभर उंच धरलं.

"जवळ धर ना, लवकर सुकेल," हिरा म्हणाली.

"नाय बाय. जवळ नेलं तं वाकडं होल. लांबूनच शेक द्यावा." तो चित्र हळूहळू फिरवत राहिला. मग त्याची नजर कागदावर गेली आणि तो हसला. "ह्याचं पन त्याच चाललंय."

"कोणाचं?"

"ह्या वाजपाचं. शेकतंय नाय का?"

हिरा बाकाच्या कडेवर टेकली.

"फुकून फुकून आत पानी जमतं," झिपरू सांगू लागला, शेजारच्या गावाची वाट सांगावी तसा. "मंग आतली जिभली चिकटतं, आवाज नाय निंगत. आमचा तारपा बी तसाच. दुध्या, बांबू, मेन. पावसात चुलीवर टांगून ठेवतो, तरी काढला का आदी शेकवावा लागतं. फुकायच्या आदी, आन फुकून झाल्यावर बी. नायतर मुका."

"तू तारपा वाजवतोस? नऊ वर्षांत एकदाही बोलला नाहीस."

"शाळेत कशाला बोलू? पोरं नाचायला लागतील, मंग हेडमास्तर माज्यावर येतील."

नऊ वर्षं हा माणूस दिवसातून दोनदा तिच्या टेबलावर चहा ठेवत होता. ती मुंबईला विचारून आली होती. हिराला आपल्या विद्वत्तेची लाज वाटली, पण ती बाजूला ठेवून तिने विचारायचं ते विचारलं. जवळजवळ एकनाथरावांच्याच शब्दांत.

"पण शेगडी इतकी जवळ कशाला? बांबू पेटेल ना."

"पेटंल कसा? मानूस बसलाय ना."

"कुठे? चित्रात माणूस नाहीच."

झिपरूने चित्र बाकावर पसरलं. वाटीची चोच ज्या बाजूला होती तिकडे त्याने बोट नेलं, कागदाची कड ओलांडली आणि वीतभर पुढे बाकाच्या लाकडावर टेकवलं. "हितं. निखारं ठेवून कोनी उठून जातं का, बाय? ह्यो हितंच बसलाय, लक्ष ठेवून. कागद तेवढा कमी पडला."

हिराने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. फ्रेमवाल्याच्या दुकानावरून ती पुढे गेली ते तिच्या लक्षातही आलं नाही. परतीच्या एसटीत ती मनाशी जुळवत होती: आधी पाण्याचं सांगायचं, मग जिभलीचं, आणि माणसाचं शेवटी, कारण ते ऐकून ते बशी खाली ठेवतील. स्टोअरच्या नियमात हे बसतं असं म्हणतील. देखरेखीखाली निखारा चालतो. जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढली, दार ढकललं आणि चप्पल न काढता म्हणाली, "बाबा, शेगडी—"

मंजुळाबाई खाली बसून वाल सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

खोलीत खुर्ची होती, होती तिथेच. फिकट चौकोन होता. हिरा दारात उभी राहिली, गुंडाळी छातीशी धरून. इतक्या महिन्यांत ती रडली नव्हती, असं सगळे म्हणत.

थोड्या वेळाने मंजुळाबाईंनी सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि त्या उठून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"सांग," त्या म्हणाल्या. "मी ऐकते."

हिराने चित्र कपाटाच्या दारावर हाताने धरलं आणि सांगितलं. जुळवलं होतं त्या क्रमाने नाही. माणूस आधीच आला, मग पाणी, मग झिपरू, मध्येच बोंबील. शेवटी तिने चित्राची कड ओलांडून दाराच्या लाकडावर बोट ठेवलं. "इथे बसलाय तो, आई. सगळा वेळ इथेच होता."

मंजुळाबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. लाकूडच होतं, एक जुना ओरखडा असलेलं. त्यांनी पुढे वाकून त्यावरून हात फिरवला, रोज सकाळी फिरवत तसा, पण फडक्याशिवाय.

"फ्रेमवाल्याकडे कधी द्यायचंय?"

"आज देणार होते. उद्या देईन."

"नको," मंजुळाबाई म्हणाल्या. "पट्टी ठोकली तर तो बसेल कुठे?"

मग त्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. हिराने पर्समधून एकेक टाचणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.